जुनी गाडी, मोठं इंजिन

फौजेत गाडीचं इंजिन बदलणं ही काही नवलाची गोष्ट नाही. गाडी ठरलेली वर्षं आणि ठरलेले किलोमीटर पुरे करते, ओव्हरहॉलला जाते, जुनं इंजिन उतरतं, त्याच जातीचं दुसरं चढतं, कार डायरीत नवा इंजिन नंबर लिहिला जातो आणि गाडी पुन्हा युनिटच्या एमटी लाइनमध्ये येऊन उभी राहते. यात अट एकच असते. जे उतरलं तेच चढलं पाहिजे. एखाद्या हौशी मेकॅनिकने यात जरा मोठं बसवून बघू का, असं विचारलं तर त्याच्या हौसेचं कौतुक होतं, पण परवानगी मिळत नाही. फौजेला एक गाडी चालवायची नसते, हजारो चालवायच्या असतात, आणि त्या हजारोंचे सुटे भाग एकाच स्टोअरमधून निघायला हवेत.

कुंपणाबाहेर मात्र ही अट संपते. लिलावात निघालेली आपलीच जीप एखाद्या मंडीत पोहोचते आणि काही महिन्यांत तिच्या बॉनेटखाली दुसरंच इंजिन धडधडत असतं, बहुधा मूळच्यापेक्षा मोठं. आधी पंजाब-हरियाणाच्या सीमेवर आणि नंतर उत्तर बंगालच्या डोंगरांत, पोस्टिंगच्या निमित्ताने अशा गाड्या मी खूप पाहिल्या. हौशी लोकांच्या गप्पांत जुन्या गाडीत मोठं इंजिन म्हणजे वेगाचं वेड असं समीकरण असतं. आपल्याकडचा इतिहास तसा नाही. आपल्याकडे मोठं इंजिन बहुतेक वेळा गाडी जगवण्यासाठी आलं. आणि आज जुन्या गाड्या जपण्यासाठी जो नियम आहे, त्यात नेमक्या याच जगलेल्या गाड्या बसत नाहीत.

जीपची गोष्ट इंजिनापासूनच

सुरुवात १९४० सालापासून करावी लागेल. युरोपात युद्ध पेटलं होतं आणि अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी तातडीने हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. अखेर स्पर्धेत उरल्या तीन: बँटम, विलीज आणि फोर्ड. लष्कराने सुरुवातीला वजनाची मर्यादा ठेवली होती १३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो. चार चाकांना जोर देणारी गाडी एवढ्या वजनात होणं शक्य नव्हतं, हे लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं.

बँटमच्या गाडीत सुमारे ४५ अश्वशक्तीचं छोटं इंजिन होतं. विलीजचे मुख्य अभियंते डेल्मर रूस यांच्या हाती मात्र वेगळा माल होता. कंपनीचं जुनं, ४८ अश्वशक्तीचं इंजिन घेऊन त्यांनी त्यावर कष्ट केले होते आणि ते साठापर्यंत नेलं होतं. २१९९ सीसीचं हे इंजिन पुढे 'गो डेव्हिल' नावाने प्रसिद्ध झालं. त्याची अडचण एकच: जड होतं. लष्कराने मर्यादा वाढवून २१६० पौंडांवर, म्हणजे सुमारे ९८० किलोंवर आणली, तरी विलीजची गाडी त्यात बसेना. रूस यांच्यासमोर दोन वाटा होत्या. इंजिन छोटं करायचं, किंवा इंजिन तसंच ठेवून बाकी सगळं छाटायचं. त्यांनी दुसरी वाट घेतली. चासीपासून बोल्टांच्या लांबीपर्यंत जिथे जिथे वजन होतं तिथून ते काढलं. १९४१ मध्ये कंत्राट विलीजला मिळालं. फोर्डनेही पुढे त्याच आराखड्याची, त्याच इंजिनाची गाडी बनवली, आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बाहेर काढल्या.

आपल्या डोळ्यांसमोरची जीप मात्र ही नव्हे. आपल्याकडे सरकारी जीप म्हटलं की उंच, चौकोनी बॉनेटची गाडी आठवते. कलेक्टर, बीडीओ, फौजदार यांना घेऊन धूळ उडवत गावात शिरणारी. त्या उंचीचं कारणही इंजिनच. १९५० च्या सुमारास विलीजने त्याच २.२ लिटरच्या इंजिनाची सुधारित आवृत्ती काढली, 'हरिकेन'. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह बाजूच्या ऐवजी वर आले, ताकद सत्तरच्या पुढे गेली, पण इंजिनाची उंची वाढली. जुन्या बॉनेटखाली ते मावेना. मग १९५३ च्या सीजे-३बी या मॉडेलमध्ये कंपनीने बॉनेटच उंच केलं. अमेरिकेत त्या रूपाला नाकं मुरडली गेली. भारतात मात्र महिंद्राने हीच गाडी परवान्यावर बनवली आणि ती दशकानुदशकं चालली. मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू करणाऱ्या कंपनीने आपल्याला जो जीपचा चेहरा दिला, तो मोठं इंजिन आत मावत नाही म्हणून तयार झालेला चेहरा होता.

लँड रोव्हर: जुन्या जीपवर दुसरं इंजिन

युद्ध संपल्यावर जीप साऱ्या जगात भंगाराच्या भावात मिळू लागल्या. अशीच एक युद्धातली उरलेली जीप ब्रिटनमधल्या रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांच्याकडे होती. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर ते ती वापरत. जीप कामाची होती, पण तिचे सुटे भाग मिळवणं दिवसेंदिवस अवघड होत होतं. ती मोडीत निघाल्यावर काय घ्यायचं, या प्रश्नाला ब्रिटनमध्ये उत्तर नव्हतं. मग ते आपणच बनवावं असं त्यांनी ठरवलं.

१९४७ मध्ये रोव्हरने जो पहिला नमुना उभा केला तो जीपच्याच चासीवर होता. इंजिन रोव्हरच्या मोटारीचं, स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं मधोमध. म्हणजे लँड रोव्हर या नावाजलेल्या घराण्याचा मूळपुरुष जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवून झालेला आहे. ३० एप्रिल १९४८ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती गाडी जगासमोर आली, तेव्हा चासी स्वतःची होती, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जीपइतकंच, ८० इंच. पोलादाचं रेशनिंग होतं म्हणून बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. इंजिन १५९५ सीसीचं, पेट्रोलवर चालणारं, ५० अश्वशक्तीचं. काही वर्षांतच ते अपुरं वाटू लागलं आणि १९९७ सीसीचं इंजिन आलं.

पुढे डिझेल हवं अशी मागणी वाढली. रोव्हरने २०५२ सीसीचं डिझेल इंजिन तयार केलं, पण ते लांबीला जास्त होतं. तेव्हा कंपनीने चाकांमधलं अंतरच दोन इंचांनी वाढवलं: ८६ चं ८८ आणि १०७ चं १०९. लँड रोव्हरच्या दर्दी लोकांना हे आकडे तोंडपाठ असतात, पण त्यामागचं कारण इतकं साधं आहे.

कारखाना आणि रस्त्यावरचा मेकॅनिक यांच्यात फरक इथेच पडतो. कारखान्याला इंजिन मावलं नाही तर तो बॉनेट उंच करतो, चासी लांबवतो. मेकॅनिकला आहे त्याच जागेत बसवायचं असतं.

आपल्या रणगाडेवाल्या वाचकांसाठी याच काळातलं आणखी एक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांची मोठी रड होती इंजिनाची. पहिल्या महायुद्धात जन्मलेलं 'लिबर्टी' इंजिन, ३४० अश्वशक्तीचं, अजून चालू होतं. मग स्पिटफायर विमानातलं रोल्स-रॉइसचं 'मर्लिन' घेऊन, त्याचा सुपरचार्जर काढून, त्याचं रणगाड्याचं रूप केलं गेलं: 'मेटिऑर', सुमारे ६०० अश्वशक्तीचं. मेटिऑर पुरेसे मिळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून 'सेंटॉर' रणगाडा लिबर्टीवरच बांधला, पण पुढे मेटिऑर बसवता येईल अशी तजवीज आधीच ठेवून. इंजिन बदललं की तोच रणगाडा 'क्रॉमवेल' म्हणून वावरू शके. पुढे हेच मेटिऑर सेंच्युरियनमध्ये गेलं. सप्टेंबर १९६५ मध्ये फिल्लोराच्या शेतांत लेफ्टनंट कर्नल तारापोर यांची पूना हॉर्स ज्या सेंच्युरियनवर लढली, त्यांच्या पोटात स्पिटफायरच्या इंजिनाचं भावंड होतं. आधीपासून जागा ठेवून बसवलेलं मोठं इंजिन काय करू शकतं, याचा हा नमुना.

डिस्पोजलची जीप

आता आपल्याकडे येऊ. महायुद्ध संपलं तेव्हा भारतात दोस्त सैन्याच्या गाड्यांचे डोंगर साचले होते. आसामपासून बर्मापर्यंतचा लेडो रस्ता बांधणारी, विमानतळ चालवणारी अमेरिकी फौज घरी निघाली आणि गाड्या इथेच राहिल्या. सरकारच्या डिस्पोजल खात्याने त्या विकल्या. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द तेव्हापासून मराठीत रुळला. ठेकेदारांनी, बागायतदारांनी, सिनेमावाल्यांनी त्या घेतल्या. पुढे आपल्याच फौजेच्या गाड्या आयुष्य संपल्यावर लिलावात जाऊ लागल्या तेव्हा त्यांनाही तोच शब्द चिकटला.

पहिली दोन-तीन दशकं या गाड्या पेट्रोलवरच चालल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर चित्र बदललं. पेट्रोल झपाट्याने महागलं. डिझेल शेती आणि मालवाहतुकीसाठी म्हणून सरकारने पुष्कळ स्वस्त ठेवलं, आणि हा फरक थेट २०१४ मध्ये डिझेलचे दर मुक्त होईपर्यंत टिकला. पेट्रोल जीप लिटरमागे किती पळते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

डिझेलची वाट कारखान्यानेच दाखवली. महिंद्राकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बनणारा बी-२७५ ट्रॅक्टर होता. त्या घराण्याचं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. नांगराला जुंपलेला बैल टांग्याला जुंपावा, तसा प्रकार. जोर भरपूर, धाव कमी. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन आलं, आणि पुढे २४९८ सीसीचं एक्सडी-३पी. एमएम ५४० आणि एमएम ५५० या गाड्या याच इंजिनांच्या. तुमच्यापैकी ज्यांनी १९९० च्या दशकात फील्डमध्ये नोकरी केली, त्यांनी एमएम ५५० मध्ये बसून हाडं खिळखिळी करून घेतली असतीलच. उत्तरपाड्याच्या अॅम्बेसेडरलाही १९९२ मध्ये इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं. १९५० च्या दशकातल्या बॉडीत नंतरच्या काळातलं इंजिन, आणि तेही नव्या कोऱ्या गाडीत.

कारखान्याने हे केलं की गल्लीतल्या मेकॅनिकचं काम सोपं होतं. इंजिनाचं फाउंडेशन कुठे येतं, क्लचचं कव्हर गिअरबॉक्सला कसं जुळतं, रेडिएटर किती पुढे सरकवायचा, हे सगळं कारखान्याच्या गाडीखाली झोपून मोजता येतं. तिथून पुढे मंडी डबवालीसारखी गावं उभी राहिली. हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यात, पंजाबच्या अगदी हद्दीवर असलेल्या या गावात लिलावातल्या जीप येतात, सुट्या होतात आणि गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे पुन्हा जोडल्या जातात. बॉडी नवी, चासी कधी जुनी कधी नवी, इंजिन बजेटप्रमाणे. तिथला धंदा पाहिला की लक्षात येतं, लिलावात विकली गेलेली गाडी म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने कच्चा माल.

इंजिन एकटं येत नाही

मोठं इंजिन बसवणं म्हणजे जुनं काढून नवं ठेवणं, असं वाटतं. प्रत्यक्षात इंजिन आपल्यामागे एक वरात घेऊन येतं.

विलीज घराण्याच्या जुन्या पेट्रोल जीपचंच बघा. तिची वीज ६ व्होल्टची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा प्रचंड दाबून तापवायची आणि त्यात इंधन फवारायचं. पेट्रोल इंजिन हवा सातपटीपर्यंत दाबत असेल, तर हे जुनं डिझेल वीसपटीच्या आसपास. ते फिरवायला ६ व्होल्टचा स्टार्टर पुरत नाही. म्हणजे बॅटरी, डायनॅमो, स्टार्टर, दिवे, सगळं १२ व्होल्टचं आलं. जुन्या जीपचा वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिन कार्ब्युरेटरमधून हवा ओढताना तो व्हॅक्यूम तयार करतं. डिझेलमध्ये हवेची वाट अडवणारी झडपच नाही, त्यामुळे व्हॅक्यूमही नाही. इंजिन बदललं आणि पहिल्या पावसात वायपर मुका. मग त्यासाठी वेगळा पंप, नाहीतर विजेचा वायपर.

डिझेल जड. पुढचे पाटे दबतात, इंजिनाची तेलाची टाकी पुढच्या अॅक्सलला टेकू लागते. पाटे वाढवले की गाडी पुढून उंच होते आणि स्टिअरिंगचा कोन बदलतो. गिअरबॉक्स मूळचा ठेवला तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक जाड प्लेट लेथवर कातून बसवावी लागते. दोघांचे दांडे केसाच्या अंतरानेही तिरके बसले तर क्लच आणि बेअरिंग महिन्यांत उडतात. गाडी कशी झाली आहे हे ओळखायचं असेल तर बॉनेट न उघडता ही प्लेट बघावी, असं जुने मेकॅनिक सांगतात ते यासाठीच.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे वेग. सीजे-३बीचा अॅक्सल ५.३८ चा: इंजिनाचे ५.३८ फेरे, चाकाचा एक. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साधारण २.२ मीटर पुढे जाते. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत जाई, म्हणजे टॉपमध्ये ताशी सुमारे ९८ किलोमीटर. जुनी डिझेल ३००० च्या आसपास धापा टाकू लागतात. तेवढ्या फेऱ्यांत तीच गाडी ७४ वर अडकते. इंजिन मोठं झालं आणि गाडी हळू झाली! उपाय म्हणजे कमी आकड्याचा अॅक्सल. युद्धातल्या जीपचा ४.८८ चा घातला तर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी ८१ पर्यंत जाता येतं. म्हणजे इंजिनापाठोपाठ अॅक्सलही आला.

आणि एवढं सगळं झाल्यावर ब्रेक मात्र तेच राहतात. पुढून-मागून ड्रम, जीपला ९ इंची, जुन्या लँड रोव्हरला १० इंची. ज्या वजनासाठी आणि ज्या वेगासाठी ते १९४० च्या दशकात ठरले, त्याहून जास्त भार त्यांच्यावर येतो. अशा गाडीचा मालक हौसेने इंजिन दाखवतो. मी आधी खाली वाकून ब्रेक बघतो.

मानेभंज्यांगच्या लँड रोव्हर

दार्जिलिंग जिल्ह्यात नेपाळच्या सीमेला टेकून मानेभंज्यांग नावाचं लहानसं गाव आहे. उंची सुमारे २००० मीटर. तिथून सिंगालीला धारेवरून एक रस्ता चित्रे, मेघमा, तोंगलू, गैरीबास, कालीपोखरी करत संदकफूला जातो. अंतर ३२ किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि वर पोहोचल्यावर उंची ३६३६ मीटर, पश्चिम बंगालमधली सर्वांत जास्त. आता बऱ्याच भागात काँक्रीट झालं आहे. त्याआधी कित्येक दशकं तो रस्ता म्हणजे नुसते बसवलेले धोंडे होते, आणि त्यावर चालायच्या १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर.

या गाड्या मूळच्या चहाच्या मळ्यांतल्या. साहेब मळेवाल्यांनी आणल्या, ते गेले, गाड्या स्थानिक लोकांच्या हाती आल्या. धारेवरच्या वस्त्यांचं रेशन, गॅस, आजारी माणसं, शाळेची पोरं आणि नंतर कांचनजंगा बघायला येणारे पर्यटक, सगळं याच गाड्यांनी वाहिलं. आज त्यातल्या काही डझन उरल्या आहेत. अॅल्युमिनियमची बॉडी गंजत नाही, चासीला ठिगळं लावता येतात. संपलं ते इंजिन. १९५० च्या दशकातल्या इंग्लिश इंजिनाचा पिस्टन सिलिगुडीत कुठून मिळणार? महिंद्राचा मिळतो, तासाभरात मिळतो. म्हणून त्यातल्या बहुतेक गाड्यांत आज महिंद्राचं डिझेल आहे.

ते मोठंच का हवं, याचं उत्तर उंचीत आहे. लेह-लडाखमध्ये गाडी चालवलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. वर जाऊ तशी हवा विरळ होते, आणि टर्बो नसलेलं इंजिन तेवढ्या प्रमाणात दमतं. संदकफूच्या उंचीवर जवळपास एक तृतीयांश ताकद जाते. मूळचं ५० अश्वशक्तीचं इंजिन तिथे ३३ चं उरतं, आणि तेही सात दशकांच्या झिजेचा हिशोब न धरता. प्यूजो परवान्याचं अडीच लिटरचं इंजिन समुद्रसपाटीला सुमारे ७२ अश्वशक्ती देतं. संदकफूला त्याचे ४८ उरतात. म्हणजे एवढं मोठं इंजिन घालून त्या गाडीला तिथे जेमतेम तेवढीच ताकद मिळते, जेवढी मूळ इंजिन सोलिहलच्या कारखान्याच्या दारात देत होतं. यात चैन काही नाही, उंचीने नेलेलं परत मिळवलं एवढंच.

त्या जोराचा उपयोग करून घेते लँड रोव्हरची मूळची दंतचक्रांची साखळी. पहिला गिअर, त्यावर लो रेंज, त्यावर अॅक्सल, असा गुणाकार केला तर इंजिनाच्या सुमारे ४० फेऱ्यांत चाक एकदा फिरतं. माणूस चालतो त्या वेगाने, पण थांबत नाही. जिथे हा जुना संच शाबूत आहे तिथे गाडीचा स्वभाव अजून लँड रोव्हरचाच आहे. या धारेवर आता बोलेरोही दिसतात आणि नव्या गाड्यांना आपले फायदे आहेत. पण त्या वाटेवर लहान चाकांतर आणि चाळीसपट जोर यांचं जे जमतं, ते सहज बदलता येण्यासारखं नाही.

कागदावरची गाडी

आता प्रश्न कागदाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. मंजुरी न घेता इंजिन बदललं गेलं तर १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाने केलेल्या बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला.

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळू शकते. अटी अशा की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, आणि ती व्यवसायासाठी रस्त्यावर चालवू नये. मुंबईच्या रॅलीत वर्षातून एकदा निघणारी, गॅरेजात मखमलीखाली ठेवलेली गाडी यात बसते. मानेभंज्यांगची लँड रोव्हर दोन्ही अटींत नापास. तिचं इंजिन बदललं आहे, आणि ती पोट भरते. इंजिन बदललं नसतं तर ती केव्हाच भंगारात गेली असती, आणि पोट भरत नसती तर तिला कोणी सांभाळलंही नसतं.

कायद्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. वर ब्रेकबद्दल जे लिहिलं ते मी गंभीरपणे लिहिलं आहे. वाटेल त्या मेकॅनिकने वाटेल ते इंजिन ठोकून द्यावं आणि त्यात आठ माणसं बसवून दरीच्या कडेने न्यावं, याला कोणी शहाणा माणूस हो म्हणणार नाही. चोरीची गाडी ओळखायला इंजिन नंबर लागतो, हेही खरं. ज्यांना मूळपणाची आस्था आहे त्यांचं दुःखही खोटं नाही. काढलेली १५९५ सीसीची इंजिनं कुठल्या तरी भंगाराच्या ढिगात वितळली, आणि ती पुन्हा होणार नाहीत.

पण 'मूळ' या शब्दाचा एकच अर्थ धरला तर फौजेचीच पंचाईत होईल. आपली सर्वांत जुनी मराठा पलटण १७६८ मध्ये उभी राहिली. जुन्या काळच्या बंदुकीपासून आजच्या रायफलीपर्यंत तिचं सगळं बदललं. जवान तर दर पंधरा-वीस वर्षांनी सगळेच बदलतात. तरी ती पलटण तीच आहे, कारण तिचं काम खंडित झालेलं नाही आणि तिची नोंद खंडित झालेली नाही. या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मानेभंज्यांगच्या गाड्यांकडे पहिली आहे, दुसरी नाही.

म्हणून मला वाटतं, अशा गाड्यांसाठी व्हिंटेज आणि भंगार यांच्यामधला एक वर्ग हवा: कामावरची जुनी गाडी. तिची तपासणी इंजिनाच्या नंबरावरून न करता ब्रेक, स्टिअरिंग, चासीचे सांधे आणि धूर यांवर व्हावी. मार्ग ठरलेला, वेग ठरलेला, माणसं ठरलेली. आणि प्रत्येक गाडीची फौजेसारखी कार डायरी असावी. गाडी मूळची कुठल्या मळ्याची, पहिलं इंजिन कोणतं, ते कधी उतरलं, दुसरं कोणतं चढलं, कोणत्या मिस्त्रीने बसवलं, प्लेट कोणी कातली. आज ही माहिती तिथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या डोक्यात आहे. ती लिहून घ्यायला सरकारी परवानगी लागत नाही, एक वही आणि चार दिवसांची सुट्टी पुरते. त्या बाजूला पोस्टिंगवर असलेल्या किंवा संदकफूच्या ट्रेकला निघालेल्या वाचकांपैकी कोणी हे मनावर घेतलं, तर वर जाण्याआधी एक दिवस मानेभंज्यांगच्या स्टँडवर काढावा. बॉनेट उघडून दाखवायला तिथे कोणी नाही म्हणत नाही.